चारशे बारा रिकामे रकाने

पोर्ट कर्लूच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, त्या सप्टेंबरात चारशे बारा तक्रारी अशा होत्या, की ज्यांना कोणी वालीच नव्हता. कामं अगदीच होत नव्हती असं नाही. खड्डे बुजत होते, फांद्या छाटल्या जात होत्या, रस्त्यात मेलेलं कांगारू दुसऱ्या दिवशी उचललेलं असे. पण हे कोणी केलं आणि केव्हा केलं, असं संगणकाला विचारलं की 'जबाबदार' या शब्दापुढे एक पांढराशुभ्र चौकोन दिसायचा. तो पाहिला की तक्रार खिडकीवरचा लायल ट्रेगेन्झा पडदा पुसून पुन्हा बघायचा. लायल बावीस वर्षं त्या खिडकीत बसत होता. त्याच्या लग्नात पाद्रीबुवांनी नोंदवहीतला एक रकाना रिकामा सोडला, तेव्हा त्याने सगळा सोहळा सात मिनिटं थांबवून धरला होता. त्याची बायको लेनोर हे अजून आल्यागेल्याला सांगते.

तर एका सोमवारी मुख्याधिकारी रोवीना ऍशकॉम्बने त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि "बस" म्हणाली. पोर्ट कर्लूत वरिष्ठ माणूस उभ्याउभ्या बोलला तर काळजीचं काही नसतं. बसायला सांगितलं की समजायचं.

"हा तिमाही अहवाल," ती म्हणाली. "जबाबदार, रिकामा. पूर्ण झाल्याची तारीख, रिकामा. काय केले, तोही रिकामा. हे मी सभेपुढे काय म्हणून ठेवू?"

"बरीच कामं झालीत, रोवीना. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलीत."

"तुझे डोळे मला अहवालाला जोडता येत नाहीत, लायल."

मग तिने सावकाश सांगितलं. ॲडलेडमध्ये एक कंपनी आहे, ती बारा गावांच्या तक्रारी फोनवर घेते. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी सभा आहे. तोवर अहवाल भरला नाही, तर खिडकी बंद करून काम त्या कंपनीला द्यावं असा ठराव ती मांडणार होती. लायलची नोकरी जाणार नव्हती. त्याला कचरा डेपोच्या फाटकावर वजनकाट्याला बसवणार होते.

"मोकळी हवा असते तिथे," रोवीना म्हणाली, आणि हे तिने अगदी मनापासून म्हटलं, हेच जास्त लागलं.

वजनकाट्यावर बसण्यात कमीपणा काही नाही, पण तिथे लोक जुन्या गाद्या घेऊन येतात, तक्रारी घेऊन येत नाहीत. कुठल्या गल्लीतलं गटार कुठल्या महिन्यात तुंबतं, कोणाच्या कुत्र्याला कोण घाबरतं, हे सगळं लायलच्या डोक्यात होतं आणि डेपोच्या फाटकावर त्याला कोणी विचारणार नव्हतं. घरी जाताना त्याला खरोखर रडू आलं. त्याने गाडीच्या काचेला दोष दिला, ऊन फार येतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या सुट्टीत तो मुकादमाला भेटला. मुकादमाचं नाव ट्रेव्हर हॉस्किन, पण सगळे त्याला टर्बो म्हणत, कारण तीस वर्षांत त्याला घाईत कोणी पाहिलेलं नव्हतं. टर्बो पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात होता. त्याचं खाणं संपेपर्यंत लायल थांबला, यातच दहा मिनिटं गेली.

"टर्बो, फक्त नाव टाकायचं रे. काम सोपवलं की जबाबदार कोण ते लिहायचं. झालं की तारीख लिहायची."

"मी फावडं धरतो," टर्बो म्हणाला.

"फावडं ठेवल्यावर."

"फावडं ठेवल्यावर मी घरी जातो." टर्बोने बोटं पुसली. "हे बघ लायल, खड्डा बुजला की तो दिसतो. ज्याला दिसत नाही त्याने चष्मा लावावा. रकाने भरायचेच असते तर मी शाळेत जरा जास्त दिवस गेलो असतो."

संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या अर्न पेंगिलीने सल्ला दिला. अर्न टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला होता, त्यामुळे ज्याला वायर आहे अशा प्रत्येक गोष्टीचा अधिकार आपल्याकडे आहे असं तो धरून चालायचा. "माणसाच्या नादी लागू नकोस," तो म्हणाला. "यंत्राला सांग. आम्ही एक्स्चेंजमध्ये हेच करायचो. हा आकडा आला की तो दिवा लागला पाहिजे. दिवा लावायला कोणी माणूस येत नव्हता."

अर्नचं बोलणं लायल सहसा कुंपणावरच सोडून येत असे, पण हे मात्र डोक्यात बसलं. त्याने सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका उघडली. पोर्ट कर्लूची प्रत्येक तक्रार पाच पायऱ्या चढत असे: आली, पाहिली, सोपवली, झाली, मिटली. आणि सत्त्याऐंशीव्या पानावर लिहिलं होतं, की तक्रार एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकताना कुठलाही रकाना आपोआप भरता येतो. फक्त एकदा नियम करून ठेवायचा. कोणी हात लावायचा नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही. लायलने ते पान तीनदा वाचलं आणि लेनोरला वाचून दाखवलं.

"म्हणजे टर्बोची गरजच नाही?" लेनोरने विचारलं.

"फावड्यापुरती आहे," लायल म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

पण नियम करायचे तर सॉफ्टवेअरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, लागते, आणि ती लायलकडे नव्हती. ती होती कार्यालयातले संगणक सांभाळणाऱ्या कॉलिन नावाच्या माणसाकडे. कॉलिन फेब्रुवारीत निवृत्त झाला, बायकोला आणि किल्लीला घेऊन कॅरव्हॅनमध्ये बसला आणि देशाला प्रदक्षिणा घालायला निघाला. लायलने आधी सॉफ्टवेअर कंपनीकडे रीतसर तक्रार केली. उत्तर आलं, की आपली तक्रार 'आली' या पायरीवर आहे. चार दिवसांनी ती 'पाहिली' वर गेली. त्या तक्रारीपुढेही जबाबदार हा रकाना रिकामाच होता, आणि ते पाहून लायलला क्षणभर आपल्या गावाबद्दल जरा बरं वाटलं. शेवटी कॉलिनच्या बायकोने कुठल्याशा बीचवरून टाकलेल्या फोटोखाली त्याने "फार सुंदर. कृपया फोन करा" असं लिहिलं, तेव्हा सहाव्या दिवशी नलरबॉरच्या ओसाड माळरानातल्या एका पेट्रोल पंपावरून कॉलिनचा फोन आला.

"किल्ली देतो," कॉलिन वाऱ्यातून ओरडत होता, "पण एक लक्षात ठेव. यंत्राला सांगशील तेच ते करतं. तुझ्या मनात काय होतं ते विचारत नाही." पुढे त्याने अजून बरंच काही सांगितलं, पण तेवढ्यात एक मोठा ट्रक गेला.

आता लायलने केलेले नियम नीट बघा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. पहिला नियम असा: तक्रार 'सोपवली' वर गेली, की 'जबाबदार' या रकान्यात त्या भागाच्या पर्यवेक्षकाचं नाव आपोआप यावं. पण पर्यवेक्षक हाही रकानाच, आणि तो भरायचा होता टर्बोने, म्हणजे तो रिकामा. मग काय? इथे लायलच्या अंगात वीरश्री संचारली. त्याने पुढे लिहिलं, की पर्यवेक्षकाचं नाव नसेल, तर तक्रार ज्याने नोंदवली त्याचं नाव यावं. तक्रार नोंदवतो कोण? बावीस वर्षं खिडकीत बसून, प्रत्येक तक्रार स्वतःच्या दोन बोटांनी टंकणारा लायल ट्रेगेन्झा. कोणी नाही, तर मी. चारशे बारा कामं आपल्या एकट्याच्या नावावर, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तो खुर्चीत सरळ बसला.

यात एक गोष्ट तो विसरला होता. खरं म्हणजे विसरला नव्हता, त्याने ती मनातून काढून टाकली होती. गेल्या वर्षी रोवीनाने लोकांना घरबसल्या तक्रार करण्यासाठी कौन्सिलच्या संकेतस्थळावर एक अर्ज ठेवला होता. लायलला तो घोर अपमान वाटला होता. खिडकी उघडी असताना लोक भिंतीतून कशाला येतील, असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि 'नोंदवणारा' हा रकाना आपल्या पडद्यावर दिसू नये अशी त्याने व्यवस्था करून घेतली होती. त्यामुळे खिडकीतून किती तक्रारी येतात आणि भिंतीतून किती, हे त्या कार्यालयात एकट्या लायललाच ठाऊक नव्हतं.

दुसरा नियम: ज्याचं नाव येईल त्याला आपोआप पत्र जावं. पत्र टर्बोच्या माणसांसाठी होतं म्हणून लायलने त्याची भाषा जरा कडक ठेवली. 'खालील कामाची जबाबदारी आपल्यावर सोपवण्यात आली आहे. काम चौदा दिवसांत पूर्ण करावे. नारिंगी जॅकेट व टोपी सक्तीची आहे. काम झाल्यावर खालील बटण दाबून काय केले ते लिहावे.' तिसरा नियम: बटण दाबताच तक्रार 'झाली' वर जावी आणि तारीख आपोआप पडावी. आणि चौथा त्याने केवळ टर्बोची खोड मोडायला केला. टर्बोला नको असलेलं काम परत पाठवायची सवय होती. म्हणून, तक्रार 'सोपवली' वरून मागे आली की 'निकड' या रकान्यात 'अतितातडीची' आणि 'मुदत' या रकान्यात उद्याची तारीख आपोआप पडावी, आणि पुन्हा पत्र जावं. या चौथ्या नियमावर तो इतका खूश झाला की त्याने तो लेनोरला फोनवरून वाचून दाखवला.

शुक्रवारी, तिकडे ऑक्टोबरातल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाच्या जोडसुट्टीच्या आदल्या दुपारी, त्याने खिडकीत आलेल्या एका तक्रारीवर सगळं करून पाहिलं. बाजारपेठेतल्या बाकाचं काम होतं. जबाबदार: लायल ट्रेगेन्झा. पत्र आलं, बटण दाबलं, तारीख पडली. साडेचार वाजता त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत चारशे बारा तक्रारींवर खुणा केल्या, 'सोपवली' ही कळ दाबली, दिवा मालवला आणि लेनोरला घेऊन व्हायटिंग मासे पकडायला द्वीपकल्पाच्या टोकाला निघून गेला. तिथे फोन लागत नाही. लायल त्या जागेवर एवढा खूश आहे तो त्यामुळेच.

रविवारी दुपारी परत येताना, टेकडी ओलांडल्यावर, त्याचा फोन वाजू लागला. लेनोरने मोजलं.

"एकतीस पत्रं आहेत. सगळी तू तुलाच पाठवलेली."

"एकतीस नाही, चारशे बारा असतील. नीट बघ."

"लायल, मला एकतीसपर्यंत मोजता येतं."

लायलने गाडीचा वेग कमी केला. एकतीस आपल्याला आली, तर उरलेली तीनशे एक्याऐंशी गेली कुणाला? गावाच्या वेशीवरच त्याला उत्तर दिसलं. बस थांब्याच्या छपरावर अर्न पेंगिली नारिंगी जॅकेट घालून, टोपी घालून, हिरवा रंग मारत बसला होता.

"अर्न, काय करतोयस तू?"

"काय करतोय म्हणजे? तुमचं पत्र आलं." अर्न वैतागलेला होता. "मी आपला मार्चमध्ये म्हटलं होतं की छपराचा रंग उडालाय. बोलायची सोय राहिली नाही. पण यादीत नाव आलं म्हटल्यावर काय करणार."

भिंतीतून आलेल्या तक्रारीत नोंदवणारा म्हणून तक्रार करणाऱ्याचंच नाव पडत होतं. आणि इथे पोर्ट कर्लूची रीत आड आली. या गावात शाळेचं मैदान, फुटबॉल क्लबचं छप्पर, अग्निशमन दलाची गाडी, सभागृहाच्या खुर्च्या, सगळं श्रमदानावर चालतं. भिंतीवर पाळीची यादी लागते आणि यादीत नाव आलं की माणूस कुरकुर करतो, शिव्या देतो आणि आठाच्या ठोक्याला फावडं घेऊन हजर होतो. यादीत माझं नाव कोणी घातलं, असं विचारणारा माणूस अजून त्या गावात जन्मलेला नाही. कौन्सिलच्या कागदावर आपलं नाव, काम आणि मुदत छापून आल्यावर तीनशे एक्याऐंशी तक्रारींच्या धन्यांनी ती श्रमदानाची यादी समजली. काहींना तर इतकी वर्षं यादी कशी निघाली नाही याचंच नवल वाटत होतं.

लायलने गाडी घराकडे दामटली. त्याने लेनोरला आणि माशांना घराच्या दारात उतरवलं आणि तो तसाच, खवले लागलेल्या हातांनी, कार्यालयात गेला. एकच मार्ग होता. सगळ्या तक्रारी मागे घ्यायच्या. त्याने तीनशे एक्याऐंशी खुणा केल्या, त्या 'सोपवली' वरून 'पाहिली' वर ढकलल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तो निःश्वास पुरता बाहेर पडायच्या आत त्याला चौथा नियम आठवला.

गावात तीनशे एक्याऐंशी फोन वाजले. अतितातडीचे. मुदत उद्या. आणि नावं काही पुसली गेली नव्हती, कारण मागे जाताना जबाबदार हा रकाना रिकामा करावा असा नियम लायलने केलाच नव्हता. रिकाम्या रकान्याचा त्याला तिटकारा होता.

सोमवारी, कामगार दिनी, अख्खं पोर्ट कर्लू रस्त्यावर उतरलं. लायल सकाळी सात वाजल्यापासून गल्लोगल्ली फिरत होता. "चूक झाली, घरी जा, हे तुमचं काम नाही," असं तो प्रत्येकाला सांगत होता. लोक त्याच्याकडे बघत, घड्याळाकडे बघत आणि त्याच्या हातात काहीतरी धरायला देत. नऊ वाजेपर्यंत त्याचं दोन शिड्या, एक कुंपणाची तार आणि कोणाचं तरी बाळ धरून झालं होतं.

चर्चच्या कोपऱ्यावर मिसेस एल्वा ओडगर्स घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय एक्याऐंशी. नातवाने टॅब्लेट घेऊन दिल्यापासून त्यांनी भिंतीतून सदतीस तक्रारी केल्या होत्या, आणि त्या सदतीसही कामांच्या आता त्याच जबाबदार होत्या. त्यांच्याभोवती बाराएक माणसं राबत होती.

"मिसेस ओडगर्स, मला माफ करा," लायल म्हणाला. "ही सगळी माझ्या एका नियमाची—"

"बाजूला हो लायल, सावली पडतेय." त्या पाटीकडे बघत होत्या. "अर्न, अजून डावीकडे. तुझं डावं नाही, माझं." मग लायलकडे वळून म्हणाल्या, "मी चार वर्षं सांगतेय की ही पाटी वाकडी आहे. तुम्ही दर वेळी उत्तर पाठवता, नोंद घेतली आहे. या वेळी पहिल्यांदा कोणीतरी सरळ सांगितलं की हे कोणाचं काम आहे. आता त्यात तू घोळ घालू नकोस."

"पण उद्या कोणाला लागलं, पडलं झडलं, तर विमा..."

"माझ्या पिशवीत बघ." पिशवीत स्वयंसेवकांच्या संमतीचे कौन्सिलचेच अर्ज होते, एकावर एक रचलेले, सगळ्यांच्या सह्या झालेले. सभागृह समितीवर चाळीस वर्षं काढलेली ही बाई कोऱ्या अर्जांचा गठ्ठा कायम घरात ठेवायची. "सही केल्याशिवाय मी कोणाला फावड्याला हात लावू देत नाही. तू मला काय समजलास?"

लायलने गठ्ठा जपून पिशवीत परत ठेवला. फुटबॉल क्लबने तोवर सॉसेज भाजायला घेतले होते आणि कांद्याचा वास सगळ्या बाजारपेठेत पसरला होता. त्याने एक पाव घ्यायला हात पुढे केला, तर लेनोर आडवी आली.

"तुझ्या नावावर एकतीस आहेत. किती झाली?"

"लेनोर, मी कौन्सिलचा कर्मचारी आहे."

"म्हणून तर विचारतेय." तिने त्याला बादली दिली. धक्क्यावरची बाकं सीगल पक्ष्यांनी घाण केली होती, ते लायलच्याच दोन बोटांनी टंकलेलं काम होतं. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस गुडघ्यांवर बसून सीगलांची घाण खरवडतो आहे आणि येणारीजाणारी माणसं "त्या फळीखाली राहिलंय हं" असं सांगून जात आहेत, हे दृश्य त्या दिवशी निम्म्या गावाने पाहिलं.

सगळ्यात मोठा धक्का त्याला हॉस्किन गल्लीत बसला. स्वतः टर्बो आपल्या घरासमोरच्या गटारात कमरेपर्यंत उतरला होता.

"तू इथे काय करतोयस? तुला सुट्टी आहे."

टर्बोने फावडं गाळात रोवलं. "गटार तुंबतं म्हणून मी जूनमध्ये तक्रार केली होती," तो म्हणाला. "बायको मागे लागली होती. कौन्सिलला कळवा, कौन्सिलला कळवा. आता तिला कसं सांगू की कौन्सिल म्हणजे मीच? केली आपली अर्जावर. मग काल पत्र आलं. जबाबदार, ट्रेव्हर हॉस्किन. तिने ते फ्रिजवर लावलंय."

मंगळवारी सकाळी लायलने कार्यालयात येऊन पडदा पाहिला. चारशे बारापैकी चारशे नऊ 'झाली' वर होत्या. जी कामं आधीच झालेली होती, त्यांच्यापुढे लोकांनी नुसतं बटण दाबलं होतं. प्रत्येकीपुढे नाव होतं, तारीख होती. आणि 'काय केले' या रकान्यात लोकांनी मन मोकळं केलं होतं. कोणी लिहिलं होतं, 'पाटी सरळ केली. आता मागचं चर्च वाकडं दिसतं.' एल्वाबाईंनी लिहिलं होतं, 'गवत कापले. ८.१० ते ८.५५. अर्न पेंगिली मध्येच चहाला गेला.' एका शेतकऱ्याने लिहिलं होतं, 'खड्डा बुजवला. हा खड्डा टर्बोने ९८ साली बुजवला होता, तेव्हापासून तो आहे.'

लायलला आनंद व्हायला हवा होता. पण रोवीना दारात उभी होती, आणि प्रकरण बसायला सांगण्याच्याही पलीकडे गेलेलं होतं.

"सुट्टीत मी शहरात होते," ती म्हणाली. "परत आले तर माझ्या दारापुढची पायवाट नवी झालेली. मला वाटलं आपण केली. मग कळलं की समोरच्या डॉक्टरांनी केली. लायल, तू गावाला कामाला लावलंस? पत्र पाठवून?"

"मी नाही. म्हणजे नियमाने. म्हणजे मीच."

"ते नियम आत्ता बंद कर. हा लेखी आदेश आहे. आणि संध्याकाळी सभेत मी ठराव मांडणार आहे."

त्याने नियम बंद केले. एकेक करून, चौथा सगळ्यात शेवटी.

सभेला एरवी चार माणसं येतात, त्यातली दोन ऊब मिळते म्हणून. त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. बऱ्याच जणांच्या नखांत अजून हिरवा रंग होता. रोवीनाने ठराव वाचला: तक्रार खिडकी बंद करून काम ॲडलेडच्या कंपनीला द्यावं. महापौर बेव्हन राथजेन यांनी लायलला काही बोलायचं आहे का, असं विचारलं.

लायल उभा राहिला. त्याने भाषण लिहून आणलं होतं, पण कागदाची घडी न उघडता त्याने तो परत खिशात घातला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "जबाबदार म्हणून माझं नाव लिहून घ्या. नावाशिवाय एकही काम राहू नये एवढंच मला हवं होतं. लोक भिंतीतून तक्रारी करतात हे मला बघायचं नव्हतं, म्हणून मी पाहिलं नाही. वजनकाट्यावर बसवलंत तर मी जाईन. पण मला जायचं नाही. मला इथेच बसायचं आहे." एवढं बोलून तो खाली बसला आणि आपण असं सरळसरळ बोललो याची त्याची त्यालाच लाज वाटली.

विम्याचा प्रश्न निघाला. एल्वाबाईंनी उठून अर्जांचा गठ्ठा महापौरांपुढे ठेवला आणि त्या परत जागेवर जाऊन बसल्या. कामगार संघटनेचा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा संघटनेच्या प्रतिनिधीकडे, म्हणजे टर्बोकडे वळल्या. तीस वर्षांत टर्बो सभेत बोललेला नव्हता. तो उठला, त्यालाही वेळ लागला.

"लोकांनी आमची कामं केली, हे बरोबर नाही," तो म्हणाला. "पुन्हा करू नयेत. पण मला त्या खड्ड्याबद्दल बोलायचं आहे. अठ्ठ्याण्णव सालचा. मी आज दुपारी तो कॉम्प्युटर उघडून वाचला. आमच्या कामाबद्दल गावातला प्रत्येक माणूस काय काय लिहून गेलाय, आणि आमच्या बाजूने एक अक्षर नाही. त्या खड्ड्याखाली पाण्याचा जिवंत झरा आहे, तो कितीही बुजवा, वर येणारच. हे कोणाला माहीत आहे? कोणाला नाही, कारण मी लिहिलं नाही." त्याने टोपी हातात फिरवली. "उद्यापासून आमचे रकाने आम्ही भरू. स्वतः. पण ते वाचायला इथे आमचा माणूस पाहिजे. ॲडलेडच्या पोरीला झरा काय कळणार?"

"ठरावाच्या बाजूने हात वर करा," महापौर म्हणाले. एकही हात वर झाला नाही. "विरुद्ध?" नऊच्या नऊ सभासदांनी हात वर केले, आणि ज्यांना मताचा अधिकार नव्हता अशा मागच्या सगळ्या खुर्च्यांनीही केले. लेनोरने तर दोन्ही. टाळ्या इतक्या झाल्या की महापौरांना लाकडी हातोडा सापडेना. लायल खाली मान घालून बसला होता, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांना त्याचे डोळे दिसले असते, आणि या वेळी दोष द्यायला ऊनही नव्हतं.

बुधवारी सकाळी त्याने खिडकी उघडली, तर बाहेर रांग होती. अशी रांग त्याने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. पहिल्या एल्वाबाई.

"तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात माझ्या नावावर एकही काम नाही."

मागच्यांचं म्हणणं तेच होतं. अर्नला बस थांब्याची दुसरी बाजू हवी होती. डॉक्टरांना अजून पायवाट हवी होती. टर्बोच्या माणसांची कामं टर्बोलाच राहतील आणि उरलेल्यांतून महिन्यातल्या एका शनिवारी श्रमदानाची यादी निघेल, असं लायलने प्रत्येकाला समजावलं. मग यादीत एकेकाचं नाव घेतलं, एकेक रकाना विचारून, अक्षर न गाळता. त्याचा आवाज हळूहळू बावीस वर्षांपूर्वीसारखा खणखणीत होत गेला.

रांगेच्या शेवटी रोवीना ऍशकॉम्ब उभी होती. तिची खोली खिडकीच्या मागेच, सहा पावलांवर होती, तरी ती बाहेरून फिरून रांगेत आली होती आणि पाऊण तास उभी होती.

"बोल," लायल म्हणाला. कालचं सगळं त्याच्या मनात होतं. तिच्याही असावं.

"धक्क्याच्या टोकाचा कठडा हलतोय," रोवीना म्हणाली.

त्याने दोन बोटांनी टंकलं. "नोंदवणारा?"

"मी."

"जबाबदार?"

रोवीना खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. "दोन वर्षं झाली मला इथे येऊन," ती म्हणाली. "सोमवारी मी गावात नव्हते. पण असते तरी मला पत्र आलं नसतं. मी काल सगळी यादी पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझं नाव कुठेच नाही. दोन वर्षांत मला कोणी एकाही यादीत घातलेलं नाही, लायल."

नियम बंद होते. तिच्याच लेखी आदेशाने. त्यामुळे आपोआप काहीच भरलं जाणार नव्हतं. लायलने खुर्ची पुढे ओढली आणि जबाबदार या रकान्यात तिचं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट, आणि बरोबर आहे ना ते पाहायला पडदा तिच्याकडे वळवला.

"शनिवारी आठ वाजता," तो म्हणाला. "टोपी घालून ये. आणि उशीर करू नकोस, यादी मिसेस ओडगर्सकडे आहे."